टेकडीवर ‘काहीच नाही’ म्हणणाऱ्या उद्यान विभागाला

प्रति,
माननीय उद्यान अधीक्षक,
आणि ‘फुलांची टेकडी’ या प्रस्तावावर ज्यांच्या ज्यांच्या सह्या आहेत ते सगळे.

सप्रेम नमस्कार.

फेब्रुवारीत मी तुमच्या कार्यालयात येऊन गेले, आठवत असेल. टेकडीच्या पायथ्याला माझी रोपवाटिका आहे. टेकडीवर फुलं पेरायच्या ह्या प्रस्तावासाठी तुमच्या विभागाने रानफुलांच्या बियाण्याचं दरपत्रक मागवलं होतं, त्याची चौकशी करायला आले होते. तुम्ही चहा मागवलात, टेबलावर नकाशा पसरलात आणि माथ्यावरच्या सपाट भागाभोवती पेन्सिलने गोल काढून म्हणालात, ‘‘इथे काहीच नाही बघा. नुसता मुरूम आणि वाळलेलं गवत. म्हणून इथूनच सुरुवात करतोय.’’

त्या ‘काहीच नाही’बद्दल हे पत्र आहे. आधी रीतसर अर्ज दिला, पोच घेतली, नंतर दोनदा स्मरणपत्र दिलं. उत्तर आलं नाही आणि माथ्यावर झाडं लावायला खड्डे मात्र सुरू झाले. म्हणून आता चारचौघांत लिहिते.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी वर गेले. माथ्यावर चुन्याच्या खुणा, एका ओळीत खड्डे, प्रत्येक खड्ड्याशेजारी उपसलेल्या मुरमाचा ढीग. दोनशेच्या पुढे मी मोजणं सोडून दिलं. एका ढिगावर मला कोन करून वाकलेला, बोटभर लांबीचा कंद दिसला. नांगराच्या आकाराचा. संस्कृतात कळलावीला ‘लांगली’ म्हणतात ते ह्या कंदावरूनच. शेजारच्या ढिगात खरतुडीचे, म्हणजे कंदीलपुष्पाचे, चपटे गोल कंद होते, एक कुदळीने अर्धा कापलेला, त्यातून अजून चीक येत होता. पुढे नभाळीच्या मुळांचे झुबके. ऊन एवढं की हातात घेतले तर गरम लागले. ओढणीच्या टोकात मिळाले तेवढे बांधून आणले.

साहेब, टेकडीवर मे महिन्यात काही दिसत नाही, कारण त्या वेळी सगळं जमिनीखाली झोपलेलं असतं. आपल्या दख्खनच्या माळाची रीतच ती आहे. खाली काळा कातळ, वर वीतभर मुरूम आणि माती, आठ महिने पाणी नाही. असल्या जागी टिकायचं तर एक तर कंद होऊन पडून राहायचं, नाही तर बी होऊन. मृगाचे दोन पाऊस झाले की हीच जागा बघा. नभाळीचा निळा-जांभळा पट्टा, कळलावी झुडपांवर चढते, श्रावण-भाद्रपदात कवल्याची पिवळी फुलं, मग सोनकी. गवतात बारीक निळी विष्णुक्रांता, तीही बसून पाहिली तरच दिसते. ह्यातलं काहीही कुणी पेरलेलं नाही. सप्टेंबरमध्ये आपल्याच शहरातले लोक तिकीट काढून साताऱ्याला कासचं पठार बघायला जातात. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेलेलं ते पठारही उन्हाळ्यात असंच ‘काहीच नाही’ दिसतं. तिथेही कुणी बियाण्याची गाडी नेलेली नाही.

आता माझा स्वतःचा गुन्हा सांगते, म्हणजे मी साव म्हणून बोलतेय असं वाटायला नको.

बारा-तेरा वर्षांपूर्वी मीच कॉसमॉसच्या बियांची पाकिटं विकत होते. केशरी आणि पिवळा, दोन्ही. सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींनी ती हौसेने घेतली आणि टेकडीवर खिसे रिकामे केले. मला काय, धंदा झाला. पहिल्या वर्षी पायवाटेच्या कडेला फुलं दिसली, सगळ्यांनी फोटो काढले. तिसऱ्या पावसाळ्यात पूर्वेचा उतार केशरी झाला. वर्तमानपत्रात ‘टेकडीने पांघरला केशरी शेला’ असं काहीसं छापूनही आलं होतं. त्या उताराला पूर्वी आम्ही सोनकीचा उतार म्हणायचो. आता तिथे सोनकी शोधावी लागते. कॉसमॉस मूळचा मेक्सिकोचा. तो माणसाच्या छातीपर्यंत वाढतो आणि आपली कवला, नभाळी वीतभर उंचीची. सावलीत ती फुलतच नाहीत, आणि फूल नाही तर बी नाही. गाजरगवताचा अनुभव आपल्याला आहे. १९५०च्या दशकात पुण्याकडे पहिल्यांदा नोंद झाली आणि नंतर ते कुठे कुठे गेलं हे तुमच्या विभागाइतकं कोणाला माहीत असणार? फरक इतकाच की गाजरगवत दिसायला वाईट म्हणून लोक उपटतात. कॉसमॉस देखणा आहे, म्हणून पेरतात.

तुमच्या दरपत्रकात ‘रानफुलांचे मिश्र बियाणे’ ह्या मथळ्याखाली पहिलं नाव कॉसमॉसचं आहे. दुसरं झिनिया, तिसरं गॅलार्डिया. तिन्ही अमेरिका खंडातली. मी दर भरला नाही. दुसरं कोणीतरी भरेल हे माहीत आहे.

तुम्ही तेव्हा म्हणाला होतात, ‘‘पण ताई, कॉसमॉसवर फुलपाखरं येतात की.’’ येतात. हे मी नाकारणार नाही. रस मिळाला की फुलपाखरू देश बघत नाही. पण फुलपाखराचं आयुष्य म्हणजे नुसती खाणावळ नव्हे. त्याला अंडी घालायला ठरावीक झाड लागतं, आणि अळीला त्याच झाडाचं पान लागतं. बिबळ्या कडवा हे फुलपाखरू रुईवर, हळदी-कुंकू बांडगुळावर, छोट्या चांदव्याची मादी घोळीच्या भाजीवर. कॉसमॉसचं पान ह्यातलं कोणी खात नाही. म्हणजे तुम्ही जेवणावळ घालताय आणि बाळंतिणीची खोली पाडताय.

आता तक्रारी. मोठ्या चार आहेत, बारीकसारीक सोडून देते.

पहिली, खड्ड्यांची. माथ्यावर झाडं का नाहीत, तर तिथे माती नाही म्हणून. तो माळ आहे, तोडलेलं जंगल नव्हे. पण आपल्या सरकारी भाषेत माळाला पडीक म्हणतात, आणि पडीक म्हटलं की खड्डा आलाच. २०१९ साली राज्यात ३३ कोटी रोपं लावायचा संकल्प सुटला तेव्हापासून तर बोडका माळ दिसला की प्रत्येकाचा हात शिवशिवतो. आपल्याच टेकडीच्या दक्षिण अंगाला जुनी ग्लिरिसिडियाची लागवड आहे. शेताच्या बांधावर हिरवळीच्या खतासाठी ते झाड उत्तम, मी स्वतः लोकांना विकते. पण टेकडीवर त्याच्या दाट सावलीत पावसाळ्यातसुद्धा जाऊन बघा, खाली पाचोळा आणि जवळपास मोकळी जमीन. तिथे कुसळी नाही, पवन्या नाही, मारवेल नाही. गवत नाही म्हणून त्यातली फुलंही नाहीत. झाडांना माझा विरोध नाही. उताराच्या पायथ्याला, नाल्याच्या कडेला लावा, जिथे माती आहे आणि पूर्वीही झाडं होती. माथा सोडा.

दुसरी, गवत कापण्याची. दर वर्षी गणपतीच्या आधी तुमच्या ठेकेदाराची माणसं ब्रशकटर घेऊन येतात आणि वाटेपासून पार माथ्यापर्यंत सगळं भुईसपाट करतात. मागच्या वर्षी मी त्यांच्यातल्या एका मुलाला थांबवून कवल्याचं झुडूप दाखवलं. शेंगा अजून हिरव्या होत्या. तो बिचारा म्हणाला, ‘‘मावशी, मला चौरस मीटरचे पैसे मिळतात.’’ त्याचं काय चुकलं? चूक वेळापत्रकाची आहे. वर्षायू झाडाला एकच पावसाळा मिळतो. बी धरायच्या आधी कापलं की पुढच्या वर्षीचं पीक गेलं. असं लागोपाठ चार-पाच वर्षं केलं तर जमिनीतला साठाही संपतो. मग तुम्ही म्हणणार, इथे काहीच नाही, बी पेरायला हवं.

मला माहीत आहे, गवत वाढलं की तुम्हाला फोन येतात. साप निघतो, मुलं घाबरतात, नगरसेवक विचारतात. त्यासाठी अख्खी टेकडी कशाला कापायची? वाटेच्या दोन्ही बाजूंना चार-चार फूट कापा. सापाचा आणि माणसाचा दोघांचाही प्रश्न तेवढ्यात सुटतो. वणव्याची भीती असेल तर दिवाळीनंतर, बी झडून गेल्यावर, जाळरेषा, म्हणजे गवत काढलेला मोकळा पट्टा, काढा.

तिसरी तक्रार फुलपाखरू उद्यानाची, आणि हिच्याबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे.

उद्यानाच्या दारावर ब्लू मॉरमॉनचं मोठं चित्र आहे. कोणी त्याला राणी पाकोळी म्हणतं, कोणी नीलवंत. २०१५ पासून ते आपलं राज्य फुलपाखरू आहे. चित्र सुंदर काढलंय, खोटं नाही. पण त्याची अळी लिंबाच्या कुळातल्या झाडांची पानं खाते, आणि अख्ख्या उद्यानात लिंबाचं एक झाड नाही. आहे काय, तर कोरियन लॉन, डुरांटाचं कुंपण, पसरत जाणाऱ्या परदेशी वेडेलियाचे वाफे आणि उद्घाटनाला आणलेल्या कुंड्या. त्या कुंड्यांची गत तेरड्याच्या रंगासारखी झाली, तीन दिवस.

मागच्या कुंपणाशी रुईची दोन झाडं आपोआप उगवली होती. मागच्या ऑक्टोबरमध्ये मी माझ्या भाचीला घेऊन गेले. तिला पानाच्या मागे बिबळ्या कडव्याची अळी दाखवली: काळे, पांढरे, पिवळे पट्टे, अंगावर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. त्या दोन झाडांवर तिने अकरा मोजल्या. एक कोषात जायच्या तयारीत उलटी लटकली होती. भाची म्हणाली, उद्या परत यायचं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर गेलो तर दोन्ही झाडं उपटून कुंपणाबाहेर टाकलेली, पानं मलूल पडलेली. माळीमामा ओळखीचे आहेत. म्हणाले, ‘‘साहेबांचा राउंड होता, तण काढायला सांगितलं.’’ फुलपाखरू उद्यानात फुलपाखराचं घर ‘तण’ ठरलं. उद्यानासमोरच मारुतीचं देऊळ आहे, दर शनिवारी त्याला रुईच्या पानांची माळ पडते. पानं तोडून आणणाऱ्या आजी झाड कधी उपटत नाहीत, त्यांना पुढच्या शनिवारीही पानं हवी असतात.

गणपतीच्या पत्रीची यादी तरी काढून बघा. मंदार म्हणजे रुई, आघाडा, डोरली, माका, विष्णुक्रांता, शमी. पूर्वी घरातली पोरं टेकडीवर जाऊन ही पत्री गोळा करायची. आता बाजारात जुडी मिळते आणि तिच्यात कसलाही पाला असतो. आपल्या वाडवडिलांनी पूजेला मागितलेली निम्मी झाडं तुमच्या नोंदवहीत तण म्हणून आहेत.

चौथी, पेव्हर ब्लॉकची. माथ्यावर आठ फूट रुंदीचा ‘जॉगिंग ट्रॅक’ होणार असं फलकावर लिहिलंय. त्या पायवाटेच्या कडेच्या मोकळ्या मुरमात पेन्सिल जाईल एवढी भोकं आहेत, ती तुमच्या लक्षात आली नसतील. मधमाशी म्हटलं की आपल्याला आग्या मोहोळ आठवतं, फार तर सातेरी. पण भारतात मधमाश्यांच्या सातशेहून जास्त जाती नोंदल्या गेल्यात, आणि मधाची पोळी बांधणाऱ्या त्यातल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बाकीच्या बहुतेक एकेकट्या राहतात, आणि त्यातल्या कितीतरी जमिनीत भोक करून अंडी घालतात. त्यांना मोकळी, उन्हात तापणारी जमीन लागते. तिच्यावर सिमेंटचा ठोकळा बसला की आतली पिढी आतच संपली.

इथे माझा स्वार्थ आहे आणि तो लपवत नाही. मी वांग्याचं आणि टोमॅटोचं बी धरते. ह्या फुलांचे पराग मिरपुडीच्या डबीसारखे नळीत बंद असतात, टोकाला बारीक भोक. पोळ्यातल्या मधमाशीला ते नीट काढता येत नाहीत. पोटावर निळे पट्टे असलेली एक गुबगुबीत माशी येते, फुलाला मिठी मारते आणि अंग थरथरवते. गुंजारव एकदम बारीक सुरात चढतो आणि पराग तिच्या पोटावर सांडतात. मोठा काळा भुंगाही हेच करतो. सकाळी सात वाजता वांग्याच्या वाफ्यात उभं राहिलं तर हा आवाज कानाने ऐकू येतो. माझ्याकडे ह्या माश्या टेकडीवरून येतात. तिथे तरवडीच्या आणि डोरलीच्या फुलांवर त्यांचं पोट भरतं, तीही अशीच थरथरवून पराग काढायची फुलं. गेली तीन वर्षं हा आवाज कमी झालाय. मी शास्त्रज्ञ नाही, मोजमाप नाही ठेवलं. पण लाल भोपळ्याच्या मादी फुलांना मी आता पहाटे उठून नर फुलाने हाताने पराग लावते. माझ्या आईला हे कधी करावं लागलं नाही. न लावल्यास सुपारीएवढं फळ पिवळं पडून गळतं.

आमच्या मागण्या साध्या आहेत. ‘आमच्या’ म्हणते, कारण खाली सह्या करणाऱ्यांत टेकडीवर रोज येणारे लोक आहेत, शेजारच्या वस्तीतले दोन मेंढपाळ आहेत आणि शाळेचे विज्ञानाचे सर आहेत.

माथ्यावरचे खड्डे पावसाआधी बुजवा. उपसलेला मुरूम तिथेच परत टाका, बाहेरची लाल माती आणू नका. तिच्याबरोबर कुठकुठलं बी येतं.

‘रानफुलांचे मिश्र बियाणे’ ही खरेदी रद्द करा. कॉसमॉस, वेडेलिया ह्यांचं एकही बी किंवा रोप टेकडीच्या हद्दीत जाणार नाही असं लेखी द्या. बियांचे गोळे फेकायचे कार्यक्रम शाळांना देता, तेही बंद करा. त्याऐवजी मुलांना श्रावणात कॉसमॉस उपटायला आणा. मुळं वरवर असतात, फुलायच्या आधी दहा वर्षांच्या पोराच्या हातानेही सहज निघतो. मी गेली चार वर्षं करतेय, पूर्व उताराचा एक कोपरा मोकळा झालाय आणि मागच्या भाद्रपदात तिथे सोनकी परत आली.

गवतकापणी दिवाळीनंतर. ठेकेदाराच्या करारात तारीख घाला आणि पैसे चौरस मीटरवर देणं थांबवा.

ट्रॅक हवाच असेल तर पायथ्याच्या डांबरी रस्त्याला लागून करा. माथ्यावरची मातीची वाट मातीचीच ठेवा.

फुलपाखरू उद्यानात आणि रस्त्याच्या दुभाजकांत आपली झुडपं लावा: तरवड, निर्गुडी, कोरांटी, अडुळसा, धायटी. दुभाजकाला टँकरचं पाणी घालता, ते पहिल्या वर्षानंतर ह्यांना फारसं लागणार नाही. धायटी ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर लालभडक फुलते, जेव्हा माश्यांना बाकी कुठे फार काही नसतं. कोरांटी पावसाळा सरल्यावर. अशी सांगड घातली तर बारा महिने कुठे ना कुठे फूल राहतं. लिंबाची चार झाडं लावा, म्हणजे दारावरचं चित्र खोटं पडणार नाही. आणि अळ्यांवर फवारणी करणार नाही असा फलक लावा. रुई राहू द्या.

सल्ला घ्यायचा तर माझा घेऊ नका. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. महाबळेश्वरजवळच्या मांघरला २०२२ साली मधाचं गाव म्हणून मान मिळाला, तिथल्या लोकांना विचारा की मधासाठी आधी काय राखावं लागतं. आपल्या गावातल्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचा विभाग आहे. टेकडीवर काय काय आहे त्याची एक पावसाळाभर नोंद करून घ्या, जून ते नोव्हेंबर, आणि ती झाल्याशिवाय नकाशावर पेन्सिल टेकवू नका.

बियाणं लागणारच असेल, उदाहरणार्थ जिथे खड्ड्यांनी माळ उखडलाय तिथे, तर ते ह्याच टेकडीवरचं असावं. मी ते गोळा करून देईन, पैसे घेणार नाही. पण मूठमूठच मिळेल, पोतं नाही. आणि दर दहा झाडांमागे एकाचंच घेईन. त्यामुळे तुमच्या निविदेच्या रकान्यात ते बसणार नाही हे आधीच सांगते.

ओढणीत बांधून आणलेले कंद मी रोपवाटिकेत एका लाकडी खोक्यात टेकडीच्याच मुरमात लावलेत. मागच्या गुरुवारी वळीव झाला, त्यानंतर कळलावीच्या चार आणि खरतुडीच्या दोन कंदांना कोंब आले. अर्धा कापलेला कुजला. नभाळीचं अजून काही कळत नाही. कोंब दोन बोटं झाले की ते जिथून काढले तिथे परत लावायला मी जाणार आहे. रविवारी, सकाळी सहाला, मारुतीपासून. तुम्ही यावं ही विनंती. खड्डे बुजवायला माणसं कमी पडत असतील तर माझ्याकडे तीन जण आणि चार फावडी आहेत.

कळावे,
आपली,
टेकडीखालची रोपवाटिकावाली

(सोबत: सह्यांची दोन पानं, अर्जाच्या पोचेची प्रत)